झड, वाफसा आणि हिरवळ : बुलढाणा जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवरून गोल्फ-मैदानाच्या निगेचा विचार

१. प्रास्ताविक

हिंदुस्थानातील गोल्फचा इतिहास बहुधा क्लबांची स्थापना, चषक आणि अध्यक्षांची नामावळी यांच्या आधारे सांगितला जातो. ज्या जमिनीवर हा खेळ खेळला जातो ती जमीन, तिच्यावर राखले जाणारे गवत आणि त्या गवतावर वर्षातील चार महिने पडणारा पाऊस यांचा उल्लेख अशा इतिहासात आलाच तर ओझरता येतो. वस्तुतः गोल्फइतका जमिनीवर अवलंबून असलेला खेळ दुसरा क्वचितच आढळेल. क्रिकेटला बावीस यार्डांची खेळपट्टी नीट राखली तरी बरेचसे साधते. गोल्फच्या अठरा खड्ड्यांच्या मैदानाला साधारणपणे पन्नास-साठ हेक्टर जमीन लागते, आणि ती सर्व सारखीच उघड्यावर असते. म्हणून पावसाळ्यात हे मैदान राखणे हा प्रश्न मूलतः शेतीचा, निचऱ्याचा आणि कुरणांच्या व्यवस्थेचा आहे.

बुलढाणा जिल्ह्याची ख्याती गोल्फच्या मैदानांसाठी नाही. तथापि या प्रश्नाचे तीनही घटक, म्हणजे हराळी, काळी जमीन आणि झडीचा पाऊस, या जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात खोलवर रुजलेले आहेत. इतकेच नव्हे, तर ओल्या जमिनीशी कसे वागावे याविषयीच्या दोन जुन्या संकल्पना येथे आढळतात : एक शेतकऱ्याचा ‘वाफसा’ आणि दुसरी गवताच्या राखणीची ‘रमणा’ ही व्यवस्था. या दोन्ही संकल्पनांच्या प्रकाशात गोल्फ-मैदानाच्या पावसाळी निगेचा विचार केला असता, पावसातील जमीन राखण्याचे शास्त्र हे मुख्यतः तिच्यावर केव्हा पाऊल टाकू नये याचे शास्त्र आहे, हे स्पष्ट होते. हाच मुद्दा प्रस्तुत टिपणात मांडावयाचा आहे.

२. वाळूवर जन्मलेला खेळ

गोल्फचे मूळ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आहे. १४५७ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने या खेळावर बंदी घातली होती, यावरून पंधराव्या शतकात तो तेथे चांगलाच रूढ होता असे दिसते. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या वालुकामय पट्ट्याला स्कॉटिश बोलीत ‘लिंक्स’ म्हणत. या पट्ट्यात पीक घेता येत नसे. मेंढ्या चरत आणि त्यांच्या चरण्यानेच गवत आखूड राही. वाळूमुळे पावसाचे पाणी पडताच खाली उतरे. निचऱ्यासाठी वेगळी खटपट करण्याची गरज तेथे फारशी पडत नसे. सेंट अँड्रूज येथील मैदानाचे विख्यात रक्षक टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांनी गवतावर वारंवार वाळू पसरण्याची जी पद्धत रूढ केली, तिचे मर्मही हेच होते : पृष्ठभाग जितका वाळूमय, तितके पाणी लवकर उतरते आणि गवत तितके दाट व टणक राहते.

हा खेळ हिंदुस्थानात आला तो मात्र वाळूचा आधार मागे ठेवून. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा; ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईचा क्लब १८४२ चा. पुढे मुंबईत विलिंग्डन क्लब १९१८ मध्ये आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मध्ये अस्तित्वात आला. नाशिक येथे तर या खेळाची खूण गावाच्या नकाशावरच राहिली आहे. आजच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजूनही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणून ओळखतात.

ज्या खेळाला स्कॉटलंडमध्ये रिमझिम पाऊस आणि वाळू यांचे साहाय्य होते, त्याला येथे वर्षातील आठ महिने कोरडी, भेगाळलेली जमीन आणि उरलेले चार महिने चिखल यांना तोंड द्यावे लागले. कोरड्या ऋतूवर उपाय म्हणून हिंदुस्थानातील अनेक मैदानांवर खड्ड्याभोवतीच्या हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचा सपाट थर वापरीत. इंग्रज खेळाडू त्याला ‘ब्राउन’ म्हणत. हा थर पाण्यावाचून टिके आणि राखण्यासही सोपा असे. परंतु पावसाळ्यावर असा सुटसुटीत तोडगा नव्हता. जेथे जमीन काळी होती तेथे तर हा प्रश्न अधिकच बिकट झाला. तो का, हे समजण्यासाठी बुलढाण्यासारख्या जिल्ह्याची भूरचना पाहणे उपयुक्त ठरेल.

३. घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे लोकांच्या बोलण्यातच दोन भाग पडतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने हे दोन भाग वेगळे केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके; घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यातील तालुके. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. वऱ्हाडातील इतर जिल्ह्यांच्या ठाण्यांपेक्षा येथील हवा थंड. इंग्रज अधिकाऱ्यांना हे ठिकाण प्रिय होते, यात नवल नाही. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला, आणि १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. जिल्ह्याचे आजचे दुहेरी रूप त्यामुळे अधिक ठळक झाले.

पाण्याच्या दृष्टीने हे पठार म्हणजे एक पाणलोट-सीमा आहे. उत्तरेकडे उतरणारे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्यांतून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळून अरबी समुद्रास जाते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेने अखेर गोदावरीच्या प्रवाहात जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजे एकाच झडीचे पाणी येथून दोन समुद्रांना वाटले जाते.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी आठशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. महाबळेश्वरच्या मानाने हा आकडा अगदीच लहान आहे. परंतु जमीन राखणाऱ्याच्या दृष्टीने पाऊस किती पडला याहून तो कसा पडला आणि कशावर पडला, हे अधिक महत्त्वाचे असते. पाऊस उघडीप न देता तीन-चार दिवस बारीक पडत राहिला की त्यास ‘झड’ म्हणतात. झडीत पाऊस मोजमापाला थोडा भरतो. तथापि आभाळ झाकलेले, ऊन नाही, वारा नाही, त्यामुळे जमिनीतील ओल हटत नाही.

ही ओल काळ्या जमिनीत कशी वागते हे पाहण्यासारखे आहे. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेल्या या मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा चाळीस ते साठ टक्के असते, आणि ही चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या व वाळून आक्रसणाऱ्या जातीची आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांतून भराभर आत शिरतो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर पाणी आत मुरण्याचा वेग जवळजवळ थांबतो. वाळूत जे पाणी काही मिनिटांत उतरते ते येथे दिवसेंदिवस पृष्ठभागावर उभे राहते. शेतकरी अशा जमिनीस ‘चिबड’ म्हणतो. घाटावर उतार असल्याने, आणि बरड वा मुरमाड जमिनीचे पट्टे मधून मधून असल्याने, थोडी सोय होते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात माती खोल, उतार अत्यल्प आणि खारपाण पट्ट्यात तर मातीतील क्षारांमुळे निचरा आणखीच मंद.

पाण्याचे परिमाण लक्षात यावे म्हणून एक साधे गणित पुरेसे आहे. एक हेक्टर क्षेत्रावर पंचवीस मिलीमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी साठते. पन्नास हेक्टरांच्या मैदानावर तेच पाणी सव्वा कोटी लिटर होते. वाळूत याचा बराच भाग खाली जाईल. फुगलेल्या काळ्या मातीवर तो जवळजवळ सर्व वरूनच वाहून गेला पाहिजे. त्याला वाट दिली नाही तर तो स्वतः वाट काढतो आणि जाताना माती घेऊन जातो. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीत शेतजमिनी कशा खरडून गेल्या, हे जिल्ह्याने पाहिलेच आहे.

४. हराळीची दोन रूपे

या जमिनीवर आपण होऊन टिकणारे गवत म्हणजे हराळी. धार्मिक व्यवहारात तीच दूर्वा. वनस्पतिशास्त्रात लिनियसने १७५३ मध्ये तिची नोंद केली आणि १८०५ मध्ये पेर्सून याने तिला आजचे ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ हे नाव दिले. उष्ण प्रदेशांतील गोल्फ-मैदानांचे प्रमुख गवत हेच आहे. अमेरिकेत त्याला बर्म्युडा गवत म्हणतात. जॉर्जियातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी हराळी आणि तिची आफ्रिकी भगिनी-जाती यांच्या संकरातून मैदानांसाठी खास वाण तयार केले. ‘टिफग्रीन’ १९५६ मध्ये आणि ‘टिफवे’ १९६० मध्ये प्रसृत झाले. आज जगातील कित्येक नामांकित मैदानांची हिरवळ या कुळातील आहे.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या लेखी मात्र हीच हराळी कुंद्याच्या जोडीने शेतीची जुनी वैरीण आहे. तिचे धावते कोंब जमिनीवरून पसरतात आणि मुळासारखी भूमिगत खोडे खोलवर जातात. वखराने ती तुटते, पण मरत नाही. प्रत्येक तुकड्यातून नवे रोप उभे राहते. काळ्या जमिनीतून हराळी काढावयाची म्हणजे उन्हाळ्यात जमीन खोल खणून खोडे वेचून उन्हात वाळवणे, हा खर्चाचा आणि अतिश्रमाचा उद्योग. ज्या गुणामुळे तिला शेतातून घालविणे कठीण, नेमक्या त्याच गुणामुळे ती मैदानावर अमोल ठरते : तुडविली तरी पुन्हा फुटते, कापली तरी दाट होते, काही दिवस पाण्याखाली राहिली तरी जगते. धुऱ्यावर आणि बांधावर तिला शेतकरीही राहू देतो, कारण तेथे ती माती धरून ठेवते. एकाच गवताचे मूल्य जागेनुसार असे बदलते.

परंतु हराळीची एक दुर्बलता झडीत उघडी पडते. ती उन्हाची सोबतीण आहे. सावली तिला मानवत नाही. आठवडाभर ढग राहिले की तिची पाती लांब, फिकट आणि विरळ होतात. मातीत पाणी उभे असल्याने मुळांना हवा मिळत नाही आणि ती वरच्या थरातच राहतात. याच काळात बुरशीचे पानठिपके दिसू लागतात, आणि लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा, आपल्या गाठींच्या बळावर मुसंडी मारतो. म्हणजे गवत वाढत आहे असे वरून दिसते, आतून ते अशक्त होत असते. मैदानाची निगा ठेवणाऱ्याची बहुतेक चूक याच ठिकाणी होते : वाढलेले गवत पाहून तो यंत्र घेऊन मैदानावर उतरतो.

५. वाफसा

शेतकऱ्याची भाषा या चुकीला उत्तर देते. पाऊस थांबल्यावर जमिनीतील जादा पाणी निघून गेले, माती औताला चिकटेनाशी झाली, पण ओल टिकून आहे, या अवस्थेस वाफसा म्हणतात. वाफसा आला की वखर चालतो, तिफण चालते, डवरणी होते. वाफसा नसताना औत घातले तर माती लोण्यासारखी दाबली जाते, तिची कणरचना मोडते, आणि वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट होते. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या उघडिपीत पिकाची वाढ खुंटते तेव्हा ते कळते. म्हणूनच वाफशाची पारख हा अनुभवी शेतकऱ्याचा मान असतो. मूठभर माती दाबून, तिचा गोळा हातातून सोडून, तो फुटतो की चपटा होतो हे पाहून तो निर्णय घेतो.

आधुनिक मृदाशास्त्र हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगते. मातीतील हवेच्या पोकळ्या ओल्या अवस्थेत दाबल्या गेल्या की मुळांचा श्वास कोंडतो आणि पाणी मुरण्याचे मार्ग बंद होतात. मैदानावर हा दाब अनेक वाटांनी येतो : कापणी यंत्राची चाके, रूळ, खेळाडूंची पावले, आणि आता खेळाडूंची छोटी वाहने. बडिंगने १८३० मध्ये इंग्लंडात गवत कापण्याचे यंत्र शोधले. पुढे ते ओढणाऱ्या घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालण्याची चाल तिकडे पडली, ती खुरांनी हिरवळ फाटू नये म्हणून. हिंदुस्थानात मैदानांवरचा रूळ आणि यंत्र बैलांनी ओढले. ज्या बैलाला वाफसा नसताना शेतात घालीत नाहीत, त्याला चिखलात मैदानावर घालणे कोणत्याही शेतकऱ्याला मूर्खपणाचेच वाटले असते. मैदानावर काम करणारे माळी बहुधा याच शेतकरी समाजातून आलेले असत. नियमपुस्तिकेत न लिहिलेले हे ज्ञान त्यांच्याजवळ होते.

६. रमण्याची बंदी

ओल्या जमिनीपासून दूर राहण्याची दुसरी परंपरा कुरणांची. वऱ्हाडातील सरकारी जंगलांचे ब्रिटिश अमदानीत अ, ब आणि क असे वर्ग पाडण्यात आले. ‘अ’ वर्गात इमारती लाकूड व सरपण, ‘ब’ वर्गात रमणे आणि बाभूळबने, आणि ‘क’ वर्गात खुली चराई, अशी ढोबळ विभागणी होती. रमणा म्हणजे राखीव गवताचे क्षेत्र. त्याचे तत्त्व साधे : पावसाळ्यात गुरांना आत सोडावयाचे नाही. ओल्या जमिनीवर गुरे गेली तर खुरांनी गवताचे गड्डे उखडतात आणि कोवळे कोंब बी धरण्यापूर्वीच खाल्ले जातात. पावसाळा संपून गवत पिकले की मग ते कापून न्यावयाचे. पवना, मारवेल, शेडा यांसारखी चांगली गवते अशा बंदीनेच टिकतात; सतत चराई झाली की त्यांची जागा कुसळी घेते.

या बंदीची दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) कापसाला आलेली तेजी, खोऱ्यातून गेलेली रेल्वे आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत झालेला फाटा यांमुळे या भागातील जमीन झपाट्याने कापसाखाली आली. गुरांना चरावयास जागा कमी पडू लागली असता रमण्याचे कुंपण हे भूमिहीनाला आणि गुराख्याला आपल्या हक्काच्या आड आलेले वाटले तर ते स्वाभाविक होते. कोंडवाडा हा शब्द खेडुतांच्या बोलण्यात कटू झाला तो उगाच नव्हे. उलट १८९९–१९०० च्या दुष्काळात चाऱ्यावाचून गुरे मेली, तेव्हा राखलेल्या गवताचे मोलही त्याच खेडुतांना कळले. तात्पर्य, बंदी जमिनीच्या हिताची असली तरी तिचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न तिच्याबरोबरच येतो.

७. झडीतील मैदान

वाफसा आणि रमणा या दोन कल्पना ध्यानात घेतल्या म्हणजे पावसाळ्यातील गोल्फ-मैदानाची निगा समजणे सोपे जाते. तिचे तीन टप्पे करता येतात : झडीपूर्वी, झडीत, आणि उघडीप पडल्यावर.

झडीपूर्वीचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि ते मे महिन्यातच संपले पाहिजे. काळ्या जमिनीत भूमिगत नळ्यांचा उपयोग मर्यादित होतो, कारण पाणी नळीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पृष्ठभागाला उतार देणे हाच पहिला उपाय. शंभर फुटांस दोन फूट हे सामान्य प्रमाण मानतात. वरच्या बाजूने येणारे पाणी अडविण्यासाठी आडवा चर, खोलगट जागांतून गवताने झाकलेल्या पन्हळी, आणि शेवटी नाल्याकडे नेणारी मोकळी वाट, अशी साखळी असावी लागते. तिच्यातील एक दुवा पालापाचोळ्याने बुजला तरी सबंध साखळी निकामी होते. खड्ड्याभोवतीच्या हिरवळीसाठी मात्र माती बदलावीच लागते. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या हिरवळ-विभागाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यांवर चार इंच खडी, मध्ये जाड वाळूचा पातळ थर आणि वर बारा इंच वाळूप्रधान मिश्रण घालतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्याने जे फुकट दिले होते ते येथे थरांवर थर रचून विकत घ्यावे लागते, असे म्हणता येईल.

झडीत करावयाचे काम थोडे आणि टाळावयाचे पुष्कळ. चरांची तोंडे मोकळी ठेवावी. हिरवळीवर साचलेले पाणी झाडूने वा रबरी फळीने ओढून काढावे. गांडुळांनी वर आणलेली ओली माती पावलाखाली दबण्यापूर्वी लवचिक बांबूच्या फटक्याने उडवावी. यंत्र मात्र छपराखालीच राहावे. नत्रखत देण्याचा मोह आवरावा, कारण ते पाण्याबरोबर वाहून जाते आणि राहिले तरी कोवळी, बुरशीला बळी पडणारी वाढ देते. खेळाचे नियमही येथे साहाय्य करतात. तात्पुरत्या साचलेल्या पाण्यातून चेंडू दंडाशिवाय बाहेर घेण्याची मुभा गोल्फच्या नियमांत आहे, आणि मैदान फार ओले असल्यास चेंडू उचलून, पुसून ठेवण्याचा स्थानिक नियम लावता येतो. तथापि नियम खेळाडूला वाचवितात, जमिनीला नव्हे. पाऊल घातल्यावर पावलाभोवती पाणी चढू लागले की मैदान बंद करणे हाच एक निर्णय उरतो.

उघडीप पडल्यावर घाई होते ती कापणीची. येथेही वाफशाची वाट पाहणे श्रेयस्कर. झडीत वाढलेले गवत एकदम पूर्वीच्या उंचीवर आणले तर हराळीची हिरवी पाती निघून जाऊन पिवळे खोड उघडे पडते. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये, हा सर्वमान्य नियम आहे. नंतर पोकळ दात्यांच्या अवजाराने भोके पाडून त्यांत वाळू भरतात; घट्ट झालेल्या थराला त्यामुळे हवा मिळते. ही खरे पाहता मैदानाची डवरणीच होय.

८. शेत आणि मैदान : एकच शास्त्र

काळ्या जमिनीतील जादा पाण्याचा प्रश्न हिंदुस्थानात शास्त्रीय रीतीने हाताळला गेला तो शेतीसाठी. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्थेची उभारणी केली, तेव्हा पावसाळ्यातील पृष्ठनिचरा हा तेथील काळ्या जमिनीच्या सुधारणेचा पाया मानला. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने रुंद वरंबा आणि सरी यांची पद्धत विकसित केली : सुमारे दीड मीटरच्या अंतराने मंद उताराच्या सऱ्या, आणि त्यांच्यामध्ये पिकासाठी उंच वरंबा. झडीत सरी पाणी काढून देते, खंड पडल्यास तीच ओल धरते. सोयाबीनसाठी ही पद्धत आता विदर्भात, आणि बुलढाणा जिल्ह्यातही, प्रसारात आहे. उंचवट्यावर ठेवलेली हिरवळ आणि तिच्या कडेची पन्हळ ही गोल्फ-मैदानाची रचना या वरंबा-सरीहून तत्त्वतः वेगळी नाही.

म्हणून मैदानाची निगा ही परदेशातून आयात केलेली, येथील मातीला अपरिचित अशी विद्या आहे, हा समज दुरुस्त करावा लागतो. यंत्रे, वाण आणि थरांची मापे बाहेरून आली. परंतु ओल्या काळ्या जमिनीशी कसे वागावे हे सांगणारे शब्द मराठीत आधीच होते. झड, उघडीप, चिबड, वाफसा या चार शब्दांत पावसाळी निगेचे संपूर्ण वेळापत्रक सामावले आहे.

९. समारोप

तथापि शेत आणि मैदान यांच्यात एक भेद शिल्लक राहतो, आणि तो तंत्राचा नाही. मैदान चार दिवस बंद राहिले तर खेळाडूचा खेळ चुकतो. शेतात चार दिवस वाफसा आला नाही तर डवरणी चुकते, तण पिकाच्या वर जाते, निंदणाचा खर्च वाढतो आणि त्या खर्चापायी घेतलेले कर्ज पुढच्या हंगामापर्यंत चालते. मैदानावर रोजंदारीने राबणाऱ्या माळ्याची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. जमिनीचे हित ज्या दिवशी काम न करण्यात असते, त्या दिवशी त्याची मजुरी बुडू नये, ही जबाबदारी मैदान राखणाऱ्या संस्थेची ठरते. नाहीतर मजुरीसाठी चिखलात यंत्र फिरविले जाईल आणि मजुरी वाचली तरी मैदान जाईल. रमण्याच्या इतिहासाने हेच शिकविले आहे. ज्या बंदीचा भार केवळ दुर्बलांवर पडतो ती बंदी चोरून मोडली जाते, आणि गवतही राहत नाही.

पावसाची तऱ्हा अलीकडे बदलत आहे. थोड्या तासांत पुष्कळ पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत आहेत. अशा काळात उतार, चर आणि गवताची पन्हळ यांचे महत्त्व शेतात आणि मैदानात सारखेच वाढणार. गोल्फच्या इतिहासकाराने चषकांच्या यादीबरोबर मैदानांच्या बंद दिवसांचीही नोंद पाहिली, तर त्याला त्या मातीचा आणि तिच्यावर राबलेल्या हातांचा इतिहास सापडेल. मूठभर माती दाबून ‘आज नको’ म्हणणारा वऱ्हाडी शेतकरी त्या इतिहासाच्या आरंभीच उभा आहे.